रांगोळी, निळा सूक आणि उजव्या सोंडेचा गणपती

मंडळी, खालिद लगूनच्या काठचा निळा सूक आपल्यापैकी कुणी पाहिला नाही, असं व्हायचं नाही! पाहुणे आले की सोनं आणि गालिचे बघायला आपली वरात तिकडेच. पुढच्या खेपेस घासाघीस जरा थांबवून टाइल्सवरची, गालिच्यांवरची नक्षी बघा. आपली १३ ते ७ ठिपक्यांची रांगोळी आणि ही नक्षी, दोघींचं व्याकरण एकच.

रांगोळीतलं षटकोनी फूल ६० अंश फिरवा किंवा आरशात उलटवा, तसंच दिसतं. अशा हालचाली मोजून १२. त्यातल्या कुठल्याही दोन एकामागून एक केल्या तरी बारातलीच एक हाती येते. याला गणितात ‘गट’ म्हणतात. प्रत्येक हालचाल आकड्यांच्या चौकटीत मांडली की झालं गटाचं प्रतिरूपण. मग चित्र न काढता नुसत्या गुणाकारावर काम भागतं. सपाट जमिनीवर दोन्ही दिशांना पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीचे प्रकार फक्त १७, हे फेडोरोव्हने १८९१ साली सिद्ध केलं.

सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या पंचकोनांनी मात्र अंगण भरत नाही, फटी राहतात. पण जागाच वाकली तर? चेंडूवर १२ फुगीर पंचकोन बरोब्बर बसतात. घोड्याच्या खोगिरासारख्या जागेत तर पंचकोनाचे पाचही कोन काटकोन होऊ शकतात!

वस्तुमानामुळे अवकाश-काळ वाकतो, हे आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलं. बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर याच गणितात रमले. त्यांच्याबरोबर काम करताना प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीची भूमिती शोधली. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी हा विषय मराठी गोष्टीत आणला, ही आम्हाला त्यांची मोठीच देणगी वाटते. इथल्या आपल्या मुलांना गणित भेटतं ते प्रवेश परीक्षेपुरतं.

व्हिडिओ गेममध्ये उजवीकडून बाहेर गेलेला डावीकडून आत येतो, तशी अवकाशाची टोकं जोडलेली असतील तर विश्व मर्यादित, तरी बिनकुंपणाचं! आणि जोडताना आरशाची हालचाल मिसळली तर फेरी मारून येणाऱ्याचं डावं-उजवं बदलतं. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचं मर्म हेच.

घरी करून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. दुसऱ्या तुकड्यावर डाव्या सोंडेचा गणपती काढून तो पट्टीला टेकवत एक फेरी फिरवा, आणि पोरांना विचारा, सोंड आता कुठे?