आजीची पातळं आणि खळीची युक्ती

सासूबाई गेल्यावर त्यांच्या सुती पातळांची लेकीसाठी गोधडी शिवायला घेतली. पण विरलेलं कापड ते! कापताना तिरकं जाई, धावदोरा घालताना चुण्या पडत. दोन तुकडे वाया गेले तेव्हा रडूच आलं. ही पातळं पुन्हा कुठून आणणार?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, आधी खळ दे की!" दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला, गाळून गार केला. त्यात पातळं बुडवून, पिळून वाळत घातली. किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवली. कापड कसं ताठ! टाकेही सरळ आले.

मैत्रिणींनो, शिवून झाल्यावर गोधडी धुऊन खळ मात्र काढाच, नाहीतर कसर लागते. धुतल्यावर तोच जुना मऊपणा परत आला. लेक आता आजीच्या उबेत झोपते.