सदऱ्यावरची छाप

गणेशोत्सव जवळ आला, कीं कार्यकर्त्यांसाठीं एकसारखे टी-शर्ट छापून घेण्याची मंडळांची लगबग सुरू होते. पैसा वर्गणीचा, विसर्जनाच्या पावसांत भिजून मंडळाचें नांवच उडालें, तर वर्गणीदारांस काय सांगावें? यास्तव छपाईची तऱ्हा दुकानदारावर सोपविण्यापूर्वीं कापड कशाचें व नग किती, हें पाहणें अवश्य आहे.

यांतील जुनी व अद्यापि भरवशाची तऱ्हा जाळीच्या छपाईची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची. रेशमी जाळीच्या छपाईचें पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यानें १९०७ सालीं घेतलें. चौकटीवर ताणलेल्या जाळीचीं नको तीं छिद्रें बुजवितात आणि उरलेल्यांतून रबरी पट्टीनें शाई खालीं दाबतात. प्रत्येक रंगास चौकट निराळी. ती तयार करण्याचा खर्च दहा नगांस जेवढा, तेवढाच तीनशेंस. म्हणून खूण एक-दोन रंगांची व नग शंभरावर असतील, तर दुसरीकडे पाहूं नये. मात्र प्लॅस्टिसोल नांवाची शाई सुमारें १६० अंश सेल्सिअस उष्णतेनें पक्की व्हावी लागते. वरून कोरडी दिसणारी छाप आंतून कच्ची राहिली, कीं थोड्याच धुण्यांत तिला भेगा पडतात. उत्सवाच्या घाईंत नेमकें हेंच घडतें.

आजोबांच्या पंचाहत्तरीस त्यांचें छायाचित्र असलेले पांच-सहाच सदरे हवे असल्यास हा हिशेब उलटतो. तेथें सुती कापडावर यंत्रानें थेट शाई फवारणारी डीटीजी तऱ्हा बरी. छायाचित्रांतील छटा तींत नीट उतरतात. काळ्या कापडास आधीं द्रावण व पांढऱ्या शाईचा थर लागतो, त्यानें किंमत चढते.

खेळाडूंच्या पॉलिस्टरच्या सदऱ्यांस सब्लिमेशन योग्य. सुमारें २०० अंशांस रंग वायुरूप होऊन धाग्यांतच शिरतो, त्यामुळें सोलून निघत नाहीं. सुती वा गडद कापडावर मात्र ती चालत नाहीं.

अलीकडे दुकानदार डीटीएफ सुचवितात. चित्र फिल्मवर छापून, त्यावर चिकट पूड भुरभुरून, गरम दाबानें तें कापडावर बसवितात. बहुतेक कापडांस ती चालते व थोड्या नगांसहि परवडते. पण छातीभर चित्र असें चिकटविलें, तर तेवढ्या भागांतून वारा जात नाहीं. ढोलपथकांतील मुलांस तो सदरा तासन्‌तास अंगावर वागवावयाचा असतो. लहान खुणेपुरती ती ठीक.

सर्व काम देण्यापूर्वीं नमुन्याचा एक नग छापून घ्यावा, घरीं नेहमींप्रमाणें तीन-चारदां धुवावा आणि छाप ताणून पाहावी. यास आठवडा जातो. तेव्हां श्रावण लागतांच कामास हात घालावा.