सिनेमाचा गेम, गेमचा सिनेमा

न्यू मेक्सिकोतल्या आलमोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेला माल ट्रक भरभरून पुरला. त्यात ‘ई.टी.’ या गेमच्या कार्ट्रिज होत्या. पुढे ही गोष्ट दंतकथाच वाटू लागली. २०१४ मध्ये खोदकाम झालं, तेव्हा कार्ट्रिज खरोखरच वर आल्या.

गेम का पडला, हे शोधायला मात्र खोदकामाची गरज नव्हती. स्पीलबर्गचा याच नावाचा सिनेमा लागला जून १९८२ मध्ये, हक्कांचा सौदा ठरला जुलैअखेर आणि अटारीला नाताळच्या बाजारात गेम हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरच्या वाट्याला जेमतेम पाच आठवडे आले. स्पीलबर्गने ‘पॅक-मॅन’सारखं काही जमेल का, असं विचारलं होतं, वॉरशॉला काही तरी नवं करायचं होतं. परिणामी खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा, मान लांब करून तरंगत वर यायचा आणि काठाला लागतो न लागतो तोच पुन्हा खाली. तरी पाच आठवड्यांत गेम उभा राहिला हीच कमाल म्हणायची. दोष तारीख ठरवणाऱ्यांचा.

ही तारीख पुढे कित्येक वर्षं धंद्याच्या मानगुटीवर बसली होती. सिनेमा लागेल त्या सुमारास गेम दुकानात हवाच, मग तो कसाही असो. आपल्याकडे २००८ मध्ये हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने आमिर खानच्या ‘गजनी’वर गेम काढला, तोही सिनेमाच्या हवेवरच. ‘गोल्डनआय’चं नशीब वेगळं. बाँडपट १९९५ मध्ये येऊन गेला आणि इंग्लंडच्या रेअर कंपनीचा गेम आला १९९७ मध्ये. उशीर झाला, म्हणूनच तो जमला. चौघांनी एका टीव्हीसमोर बसून एकमेकांना टिपायचा प्रकार त्यात अगदी शेवटी घातला गेला आणि पोरांनी नेमका तोच डोक्यावर घेतला. ऐंशी लाखांवर प्रती खपल्या.

गेमवरून सिनेमा, हा उलट दिशेचा प्रवासही सुखाचा नव्हता. १९९३ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आपटला. २००१ मध्ये ‘फायनल फँटसी’ या गेमचा जनक साकागुची त्यावरच्या सिनेमाचा स्वतःच दिग्दर्शक झाला, खर्च १३ कोटी डॉलरच्या पुढे गेला, तिकीटबारीवर साडेआठ कोटींच्या आसपास जमले. त्याच मारिओच्या अॅनिमेशनपटाने २०२३ मध्ये १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. त्याच वर्षी आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ मालिकेच्या निर्मितीत मूळ गेमचा लेखक नील ड्रकमन बरोबरीने होता. नुसतं नाव विकत घेऊन भागत नाही, हे उमगायला हॉलिवूडला तीस वर्षं लागली.

खरी देवाणघेवाण पोस्टरवर दिसतच नाही. ‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या नायकाचं चिलखत आरशासारखं चकचकीत. हिरव्या पडद्यापुढे त्याला उभा केला, तर हिरवी झाक थेट चिलखतावर उतरणार. म्हणून त्याच्याभोवती एलईडीची अर्धगोल भिंत उभारली आणि तिच्यावर अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरने वाळवंट उभं केलं. कॅमेरा सरकला की वाळवंटही त्या हिशेबाने सरकतं आणि मावळतीचा उजेड शिरस्त्राणावर आपोआप पडतो. हे इंजिन १९९८ च्या एका गोळीबाराच्या गेमसाठी बनलं होतं.

माणसंही आता दोन्हीकडे राबतात. हालचाली टिपण्यासाठी अंगभर ठिपके लावून धावणारा, पडणारा, मरणारा नट गेमलाही लागतो आणि सिनेमालाही. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला, तो वर्षभराच्या आसपास चालला. भांडण कृत्रिम बुद्धिमत्तेवरून होतं. संघटनेची तक्रार अशी होती, की नुसती हालचाल पुरवणाऱ्यांना कंपन्या कलाकार मानायलाच तयार नाहीत. त्यांचं धावणं-पडणं हा निव्वळ डेटा धरला जातो, असं तिचं म्हणणं होतं.