तारा उंचावल्या? आधी मान तपासा!

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मुंबई-पुण्याच्या घराघरांतील अकूस्टिक गिटारी कुरकुर करू लागतात. मे महिन्यात सहज दाबल्या जाणाऱ्या तारा एकाएकी उंच वाटतात, ‘एफ’ कॉर्ड धरताना बोटे दुखू लागतात. अशा वेळी सल्ला देणारे कमी नसतात. ‘ट्रस रॉड आवळून टाक,’ असे कोणीतरी सांगतो. फर्निचर जोडताना उरलेली ॲलन की घरात असतेच. ती गिटारच्या मधल्या गोल छिद्रातून आत घालून एक पूर्ण फेरा दिला जातो. तारा किंचित खाली येतात खऱ्या. पण पहिल्या चार-पाच पडद्यांवर झणझण सुरू होते. मूळ दोष बहुधा त्या सळईचा नसतोच.

ट्रस रॉड म्हणजे गिटारच्या मानेत, बोटे फिरतात त्या पट्टीखाली, लांबीभर बसविलेली पोलादी सळई. तिची गरज का पडली, हे तारांच्या ताणावरून कळते. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारा सुरात लावल्या, की त्यांचा एकत्रित ताण साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो भरतो. म्हणजे एखादा धडधाकट माणूस त्या लाकडी मानेला रात्रंदिवस ओढत असतो. लाकूड हळूहळू वाकणारच. पूर्वी मान जाड ठेवून किंवा आत न हलणारी पट्टी बसवून हा प्रश्न सोडविला जात असे. अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे कारागीर थॅडियस मॅकह्यू यांना हवी तशी आवळता येणाऱ्या सळईचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले आणि बारीक, हाताला सुखावणारी मान शक्य झाली. मार्टिन या जुन्या कंपनीने मात्र तिचा स्वीकार थेट १९८५ मध्ये केला. १९३४ पासून ती कंपनी मानेत पोलादाची न हलणारी पट्टी बसवीत होती, आणि त्या गिटारींना आजही संग्राहक मोठी किंमत मोजतात. तेव्हा सळई असली म्हणजेच वाद्य उत्तम, असे समजण्याचे कारण नाही.

मान अगदी सरळ असावी, असा सर्वसाधारण समज आहे. तोही पुरता खरा नाही. छेडलेली तार मध्यभागी सर्वाधिक हेलकावे घेते. तिला तेवढी मोकळीक मिळावी म्हणून मानेला पुढच्या बाजूने अत्यल्प खोलगटपणा लागतो. तो किती, तर सहाव्या-सातव्या पडद्यापाशी सुमारे ०.१ ते ०.३ मिलिमीटर. वर्तमानपत्राच्या कागदाचे तीन पदर एकत्र दाबले, तर साधारण ०.२ मिलिमीटर जाडी होते. त्यावरून या मोजमापाची कल्पना यावी. ट्रस रॉडचे काम एवढेच : हा खोलगटपणा कमी-अधिक करणे. तारांची उंची ठरविण्याची जबाबदारी प्रामुख्याने दुसऱ्यांची असते. खालच्या बाजूला ब्रिजवरील सॅडल, वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो नट, आणि मान धडाला ज्या कोनात जोडली आहे तो कोन.

पावसाळ्यातील गोची येथेच आहे. जुलैमध्ये मुंबईच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता सरासरीने ८० टक्क्यांच्या वर असते; गिटारला मानवते ती ४५ ते ५५ टक्के. अखंड लाकडाचे वरचे फळकूट ओलावा शोषून फुगते, ब्रिजपाशी त्याला पोट येते, त्याबरोबर ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंचावतात. मान जागच्या जागी असते. अशा वेळी सळई आवळणे म्हणजे दुखते पोट आणि पट्टी बांधली डोक्याला! याउलट रात्रंदिवस वातानुकूलन चालणाऱ्या कोरड्या खोलीत फळकूट खाली बसते आणि तारा पडद्यांना घासू लागतात.

दोष नेमका कोठे आहे, हे तपासणे मात्र अवघड नाही. गिटार नेहमीच्या जाडीच्या तारांनी, नेहमीच्या सुरात लावलेली असावी. सैल तारांवर घेतलेले माप निरुपयोगी ठरते. वाजविताना धरतात तशीच गिटार धरून सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर दाबावी (कॅपो असल्यास तो लावावा). दुसऱ्या हाताने तीच तार मान धडाला मिळते तेथे, बहुतेक गिटारींत चौदाव्या पडद्यावर, दाबावी. ताणलेली तार ही उत्तम फूटपट्टी असते. आता सहाव्या-सातव्या पडद्याचा माथा आणि तार यांत किती फट राहते, ते पाहावे. मोटार मेकॅनिक प्लगची फट मोजण्यासाठी वापरतात ते फीलर गेज येथे उपयोगी पडते. फट अजिबात नसेल, तर मान सरळ किंवा मागे झुकलेली आहे. ती ०.४ मिलिमीटरहून अधिक असेल, तर पुढे वाकलेली. दोन्हींच्या मध्ये असेल, तर ॲलन की परत खणात ठेवावी.

मान ठीक असूनही तारा उंच असतील, तर आणखी दोन गोष्टी पाहता येतात. लांब पोलादी पट्टी पडद्यांवर मानेच्या मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवावी. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला लागून जायला हवे. ते खाली ब्रिजच्या अंगावर आपटत असेल, तर फळकूट फुगले आहे किंवा मानेचा कोन बदलला आहे. पैकी फुगणे बऱ्याचदा हवा कोरडी होताच उतरते. तोवर सिलिका जेलच्या पुड्यांसह गिटार बंद पेटीत ठेवणे बरे. दुसरी तपासणी नटची. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबली असता पहिल्या पडद्यावर फट जेमतेम दिसावी. ती ठळक असेल, तर खाचा उथळ आहेत. नवशिक्यांना ‘एफ’ कॉर्ड जमत नाही, त्यामागे अनेकदा हे कारण असते. बोटांत जोर नाही असे ठरवून गिटार कपाटावर टाकणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर ही तपासणी करून घ्यायलाच हवी.

मान खरोखरच वाकली असेल, तेव्हाच सळईकडे वळावे. तिचे तोंड काही गिटारींत मधल्या छिद्राच्या आत, तर काहींत खुंट्यांकडील टोकाला, छोट्या झाकणाखाली असते. चावी त्याच मापाची हवी. मार्टिनला पाच मिलिमीटरची ॲलन की, टेलरला पाव इंची नटचा पाना, गिब्सनला ५/१६ इंची. ‘जवळपास बसते’ अशी चावी सळईच्या तोंडाचे कोपरे झिजविते आणि नंतर कोणतीच चावी लागू होत नाही. तोंडाकडे पाहत उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने फिरविले, की सळई आवळली जाते व खोलगटपणा कमी होतो. डावीकडे फिरविले, की वाढतो. सुरुवातीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, फार तर पाव. मग तारा पुन्हा सुरात लावून माप घ्यावे. लाकूड स्थिरावायला वेळ घेते, म्हणून शेवटचे माप दुसऱ्या दिवशीचे धरावे.

हल्लीच्या अनेक गिटारींत दोन्ही दिशांना काम करणारी सळई असते. तिच्या मधल्या टप्प्यात चावी सैल फिरते, ते बिघाडाचे लक्षण मानू नये. मात्र चावी घट्ट अडली, कडकड आवाज आला किंवा पाऊण-एक फेऱ्यानंतरही माप हलले नाही, तर हात आवरावा. तुटलेली सळई बदलायची, तर बहुधा मानेवरची पट्टीच उखडावी लागते आणि साध्या गिटारीच्या बाबतीत हा खर्च तिच्या किमतीला भारी पडतो. तंबोऱ्याची जवारी काढायला मिरजेच्या कारागिराचाच हात लागतो, हे जाणकार निमूट मान्य करतात. गिटारच्या दुरुस्तीत तेवढा आदर अजून आपल्याकडे रुजलेला नाही.

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारींचा ताण पोलादी तारांच्या मानाने बराच कमी असतो. त्यांपैकी बहुतेकींत ट्रस रॉड नसतोच. छिद्रातून आत डोकावून चावीचे तोंड शोधण्यापूर्वी आपल्या गिटारीला तारा कोणत्या आहेत, हे पाहून घेतलेले बरे.