गाडी वेगाची, प्रश्न गिअरचा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या घरांत गाडी घ्यायची म्हटली की दोनच प्रश्न असत: अ‍ॅव्हरेज किती देते आणि मागच्या सीटवर किती जण बसतात. आता मुलं कमावती झाली आहेत. त्यांना चांगला पिकअप असलेली, वळणावर न डगमगणारी गाडी हवी असते. तशी नवी गाडी परवडत नाही, म्हणून पाच-सात वर्षं वापरलेली शोधली जाते. मग घरात वाद सुरू होतो, मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक?

माझ्या आपाच्या घरी हा वाद महिनाभर चालला. भाचा सातपूरला एका कारखान्यात नोकरी करतो. व्याजाचं कर्ज काढायचं नाही असं घरात ठरलेलं, त्यामुळे साठवलेले आठ लाख हीच सगळी पुंजी. त्याचं म्हणणं, "खाला, क्लच नसेल तर ती गाडी कसली?" त्याच्या अब्बांचा डावा गुडघा दुखतो, म्हणून त्यांना ऑटोमॅटिक हवी. सुनेने नुकतंच लायसन्स काढलेलं. शाळेत रोज भांडणं सोडवतेस, तर हेही सोडव, असं म्हणून मला मध्ये घेतलं. त्या निमित्ताने आम्ही गाड्या पाहिल्या, मिस्त्र्यांशी बोललो, कागद वाचले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. अनेक घरांत हाच प्रश्न येतो आणि एक चुकीचा निर्णय वर्षांची बचत खाऊन टाकतो.

खरी गाडी मॅन्युअलच का?

तरुणांचा हा समज सगळाच खोटा नाही. मॅन्युअल गाडीत कोणता गिअर कधी टाकायचा हे चालवणारा ठरवतो. वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं, इंजिनाचा जोर राखायचा आणि वळण संपताच गाडी उचलायची, यात एक आनंद आहे. नाशिकच्या मुलांना तो वेगळा सांगावा लागत नाही. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही राष्ट्रीय स्तरावरची मोटार रॅली नाशिक परिसरात भरत आली आहे आणि ती पाहत इथली एक पिढी मोठी झाली.

पण वेगाच्या जगाने हाताने गिअर टाकणं कधीच मागे टाकलं. १९८९ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेलने स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी फेरारी चालवली आणि पहिल्याच शर्यतीत ती जिंकली. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर-३२ या गाडीत दोन क्लचचा गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात एक क्लच चालू गिअर सांभाळतो, तर दुसऱ्या क्लचवर पुढचा गिअर आधीच तयार असतो. माणसाच्या हाताला इतका झटपट गिअर बदलता येत नाही. म्हणजे मॅन्युअलमध्ये मजा जास्त आहे हे मान्य, पण मॅन्युअल गाडी जास्त वेगवान असते हे आता खरं राहिलेलं नाही.

ऑटोमॅटिक एकाच प्रकारची नसते

जाहिरातीत नुसतं 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं. आपण पुढे विचारायला हवं, "कोणती ऑटोमॅटिक?" आपल्या बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

एएमटी: हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमधून हा प्रकार घराघरांत नेला. दुरुस्ती स्वस्त, अ‍ॅव्हरेज चांगलं, पण गिअर बदलताना मान हलते. पिकअपची हौस असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि पुली यांवर काम चालतं. होंडाच्या सिटीत हा प्रकार मिळतो, बंद झालेल्या जॅझमध्येही तो मिळत असे. शहरात अगदी मऊ चालतो. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून धावते.

टॉर्क कन्व्हर्टर: सर्वांत जुना आणि सोशिक प्रकार. इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून चाकांकडे जाते, त्यामुळे गर्दीत झिजणारी क्लच प्लेट नसते. वेगात दोन क्लचवाल्याच्या किंचित मागे, टिकाऊपणात पुढे.

ड्युअल क्लच, म्हणजे डीएसजी किंवा डीसीटी: सर्वांत चपळ आणि बिघडला तर सर्वांत महाग.

याशिवाय ह्युंदाईने २०२१ च्या आय-२० एन लाइनमध्ये आयएमटी दिला होता. त्यात क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचा. त्याच गाडीत डीसीटीही मिळत होता, आणि २०२३ मध्ये आयएमटीच्या जागी साधा मॅन्युअल आला. एका गाडीत तीन तऱ्हा झाल्या, म्हणून नाव आणि मॉडेल सारखं दिसलं तरी वर्ष आणि गिअरबॉक्स विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

पोलो जीटीवरून शिकण्यासारखं

भाच्याचं मन पोलो जीटीवर होतं. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी तरुणांत अजून लाडकी आहे. तिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे आता ती फक्त वापरलेलीच मिळते.

२०१३ साली पोलो जीटी दोन रूपांत आली. पेट्रोलची टीएसआय, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, फक्त सात गिअरच्या डीएसजीसह. डिझेलची टीडीआय फक्त मॅन्युअल. म्हणजे जुनी जीटी घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न आपोआप डिझेल की पेट्रोल असा होतो. रोजचा प्रवास दहा-बारा किलोमीटर असेल तर केवळ मॅन्युअलच्या हौसेने जुनी डिझेल गाडी गळ्यात बांधून घेण्यात अर्थ नाही.

डीएसजीचं काय? या गाडीतला सात गिअरचा डीएसजी 'कोरड्या' क्लचचा आहे, म्हणजे त्याच्या क्लच प्लेट तेलात बुडालेल्या नसतात. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत त्या तापतात. गिअर बदलण्याचा हुकूम देणारा त्याचा मेकाट्रॉनिक हा भागही नाजूक आहे. २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक डीएसजी वाईट निघते असं नाही, वर्षानुवर्षं विनातक्रार चालणाऱ्याही आहेत. पण मेकाट्रॉनिक बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पुढे जातो, हे गाडी घेण्याआधी माहीत हवं.

२०२० मध्ये १.० लिटरची नवी टीएसआय आली, ११० पीएसची. तिच्यात सहा गिअरचा मॅन्युअल आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, असे दोन्ही पर्याय होते. इंजिन तेच, फक्त गिअरबॉक्स वेगळा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकची खरी तुलना इथे करता येते.

काही गाड्यांत हा वाद उद्भवतच नाही. मारुतीची बलेनो आरएस (२०१७ ते २०२०) आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर (२०२४) फक्त मॅन्युअल आहेत. रांजणगावात बनलेली फियाटची १४५ पीएसची अबार्थ पुंटोही फक्त मॅन्युअल. पण फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केलं आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशा कंपनीची गाडी घेताना सुट्या भागांची चौकशी आधी करावी. त्यातही ऑटोमॅटिक असेल तर दुप्पट विचार करावा.

रोजचा रस्ता कोणता?

समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेत जाताना दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात. फरक कळतो तो गर्दीत आणि घाटात.

इंदिरानगरच्या बोगद्यातून सकाळी सातपूरकडे निघणाऱ्याला विचारा. पहिला, न्यूट्रल, पुन्हा पहिला, अर्धा क्लच. द्वारका चौकात संध्याकाळी तोच खेळ. डावा पाय भरून येतो आणि क्लच प्लेटही झिजते. इथे टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत सुखाचा. कोरड्या क्लचच्या डीसीटीला याच गर्दीचा सर्वाधिक त्रास होतो. ती असेल तर पुढच्या गाडीशी थोडं अंतर ठेवावं आणि एकदाच नीट पुढे न्यावी, इंच-इंच सरकवू नये. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, ब्रेक दाबावा.

कसारा घाट उतरताना मॅन्युअलमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकवाले बहुतेक जण गाडी 'डी'वर ठेवून सारखा ब्रेक दाबत उतरतात. ते धोक्याचं आहे. तिच्यातही हाताने गिअर निवडायची सोय किंवा 'एल' असतो, तो वापरायला घरातल्या प्रत्येकाने शिकावं.

गाडी कोण कोण चालवणार?

आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्समध्ये मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. एकाच लायसन्सवर दोन्ही चालवता येतात. पण ऑटोमॅटिकवरच शिकलेल्याला अडचणीच्या वेळी मॅन्युअल गाडी काढता येत नाही. म्हणून सुना-मुलींनी शिकताना मॅन्युअलवर शिकावं आणि रोज घरात असेल ती चालवावी, असं मी सांगेन. रात्री-बेरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी घरात असून उपयोग नाही, ती काढू शकणारं माणूस घरात हवं.

आपाच्या घरी आधी आम्ही २०१४ ची एक जीटी टीएसआय पाहिली. चकचकीत आणि स्वस्त होती. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ती थरथरली. सर्व्हिसचे कागद अर्धवट निघाले. भाच्याचा जीव गुंतला होता, तरी ती सोडली. महिन्याभराने २०२० ची टॉर्क कन्व्हर्टरवाली पूर्ण कागदांसह मिळाली. गाडीला साडेसात लाख गेले आणि पन्नास हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. भाच्याला क्लचची आठवण येते, तो ते लपवत नाही. तो एकटा राहत असता तर मीही त्याला मॅन्युअलच घे म्हटलं असतं. पण ती गाडी आज तिघं चालवतात.

रोखीने घेणाऱ्यांनी एवढं पाळावं की सगळी रक्कम गाडीत घालू नये. नंतर गिअरबॉक्स बिघडला तर ज्या कर्जापासून दूर राहिलो तेच दारात येतं. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेटचं काम ओळखीचा मिस्त्रीही करतो, पण काही टर्बो गाड्यांत क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील बदलावं लागतं आणि बिल बरंच फुगतं. म्हणून मॅन्युअल म्हणजे नेहमी स्वस्त, असंही धरून चालू नये.

पाहणी कशी करावी?

१. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या.

२. मॅन्युअल असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच संपत आला आहे. दुसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला करकर होते का तेही ऐका.

३. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून 'डी' आणि 'आर' आलटून-पालटून टाका. गाडी उशिरा उचलते का, धक्का देते का ते पाहा. मग अर्धा-पाऊण तास गर्दीत फिरवून हेच पुन्हा करा. अनेक दोष गिअरबॉक्स तापल्यावरच दिसतात.

४. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं स्कॅनिंग करून घ्या. पुसलेले दोषही जाणकार मिस्त्र्याला पुष्कळदा कळतात.

५. वेगवान गाडीत इंजिनाचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली असू शकते. त्याला रिमॅप म्हणतात. त्याचा ताण क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो आणि विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर दावा अडकू शकतो. "रिमॅप केला आहे का?" हे थेट विचारा.

कागदपत्रं

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर, दोन्हींचा हिशेब किमतीत धरा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या आपल्याकडे विकायला येतात, तिथे हा हिशेब विशेष लागतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

आपली गाडी विकतानाही हेच मापदंड लावावेत. मालातला दोष सांगून विकावा, हे आपण घरात लहानपणापासून ऐकत आलो. गिअरबॉक्सचा झटका लपवून गाडी दुसऱ्याच्या घरात ढकलणं त्यात बसत नाही.

राहिला मूळ वाद. आधी घरात कोण कोण चालवणार आणि रोजचा रस्ता कोणता, ते ठरवा. मग त्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते विचारा. शेवटी त्याच एका गाडीचा इतिहास पाहा. इतिहास स्वच्छ असलेली मॅन्युअल आणि इतिहास स्वच्छ असलेली ऑटोमॅटिक, दोन्ही चांगल्या. ज्या गाडीचे कागद अर्धवट, ती कितीही चमकत असली तरी तिथून उठून यावं.