माथेरानचा सूर्यास्त आणि परतीची वाट : हिवाळ्यातील घोडेस्वारीत वेळेचे भान महत्त्वाचे

माथेरान : हिवाळा हा सह्याद्रीतील थंड हवेच्या ठिकाणांचा गर्दीचा हंगाम असतो. मोटारवाहनांना बंदी असलेल्या माथेरानमध्ये या दिवसांत घोड्यांना मोठी मागणी असते. दुपारी उशिरा घोड्यावर बसून सूर्यास्त पाहण्यास जाणे हा अनेक पर्यटकांचा आवडता बेत. मात्र या बेतात परतीचा प्रवास अंधारात करावा लागतो, याचा विचार फारच थोडे जण करतात. हिवाळ्यातील लहान दिवसांत सुरक्षित घोडेस्वारी करायची असेल, तर निघण्याच्या वेळेपेक्षा परतण्याची वेळ आधी ठरवणे आवश्यक आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात सुमारे 800 मीटर उंचीवर वसलेले माथेरान 1850 मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्यामुळे प्रकाशात आले. 2003 मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी किंवा घोड्यावरून जाण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव, पॅनोरमा पॉइंट आणि सूर्यास्तासाठी प्रसिद्ध असलेला पॉर्क्युपाइन पॉइंट येथे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा दाट झाडीतून आणि काही ठिकाणी कड्यालगत जातात.

वर्षातील सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला असतो. त्या दिवशी माथेरानच्या अक्षांशावर सुमारे 11 तास उजेड मिळतो. दक्षिणेकडे तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या तिरुप्पनंदाळ येथे हाच कालावधी सुमारे साडेअकरा तासांचा, तर उत्तरेकडे दिल्लीत सव्वादहा तासांच्या आसपास असतो. मात्र सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त आणि सर्वांत लहान दिवस एकाच तारखेला येत नाहीत. मुंबई आणि माथेरान परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीस सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत ही वेळ सुमारे वीस मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे दिवाळीनंतर लगेच येणाऱ्या पर्यटकांना अंधार अपेक्षेपेक्षा लवकर गाठतो.

उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाखाली अधिक सरळ रेषेत उतरतो. परिणामी संधिप्रकाश अल्पकाळ टिकतो. सूर्यास्तानंतर वाट स्पष्ट दिसण्याइतका उजेड मोकळ्या जागी साधारण वीस ते पंचवीस मिनिटेच राहतो आणि झाडीत तो त्याहून लवकर ओसरतो. चालत जाणारा घोडा ताशी सहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो. म्हणजेच तीन किलोमीटरच्या परतीसाठी त्याला अर्धा तास लागतो. सूर्यबिंब पूर्ण मावळेपर्यंत थांबलेल्या स्वाराला वाटेचा शेवटचा भाग अंधारातच पार करावा लागतो. दूरच्या पॉइंटवर जायचे असल्यास सूर्यास्तापूर्वीच परतीला लागणे, अथवा सूर्यास्त पाहून पायी परतणे हे दोन पर्याय अधिक सुरक्षित ठरतात.

मंद प्रकाशात घोड्याला माणसापेक्षा चांगले दिसते. तथापि, प्रखर उजेडातून एकदम अंधारात किंवा अंधारातून उजेडात आल्यास त्याच्या डोळ्यांना जुळवून घेण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. मोबाइलचा दिवा अचानक तोंडासमोर लावल्यास अथवा फ्लॅश वापरून छायाचित्र काढल्यास घोडा बिचकतो, तो याच कारणामुळे. विजेरी वापरायची असल्यास तिचा झोत जमिनीकडे आणि स्थिर ठेवावा. घोड्याच्या डोक्यासमोर लगेच आणि शेपटीमागे त्याला काहीच दिसत नाही, म्हणून त्याच्या मागून जाणे टाळावे आणि जवळ जाताना आवाज देऊन बाजूने जावे.

स्वार होण्यापूर्वी खोगिराचा तंग घट्ट आहे की नाही, हे अश्वपालाकडून तपासून घ्यावे. काही मिनिटे चालल्यावर तो सैल होण्याचा संभव असल्याने पुन्हा एकदा पाहणे हिताचे. रिकिबीत पायाचा केवळ पुढचा भाग टेकवावा. पाऊल आरपार गेल्यास पडलेला स्वार घोड्याबरोबर फरफटत जाण्याचा धोका असतो. सपाट तळव्याच्या चपलांऐवजी छोटी टाच असलेले बूट वापरावेत. योग्य मापाचे, हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण लहान मुलांइतकेच प्रौढांसाठीही आवश्यक आहे. थंडीसाठी घेतलेली शाल किंवा लोंबणारा मफलर फांदीत वा खोगिरात अडकू शकतो. त्यापेक्षा अंगाबरोबर बसणारे जाकीट बरे.

ब्रिटनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तेथे स्वारांनी सहज दिसणारे कपडे घालावेत, असा आग्रह धरला जातो. त्यातील एक भेद येथेही उपयोगी आहे. भडक पिवळा किंवा केशरी रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो, अंधारात मात्र दिवा पडताच चकाकणारी परावर्तक पट्टीच कामी येते.

दिवसभर फेऱ्या मारलेला घोडा सायंकाळी थकलेला असतो. थकलेला घोडा अधिक ठेचकाळतो आणि तबेल्याच्या ओढीने परतताना वेगही वाढवतो. उतरणीवर सुटी खडी, वाळलेला पाला किंवा दव पडलेला दगड असल्यास लोखंडी नाल घसरते. घोड्याला पळवण्याचा आग्रह अशा वेळी धरू नये. स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. 300 किलो वजनाच्या घोड्यासाठी ही मर्यादा 60 किलो होते. लंगडणारा किंवा जखम झालेला घोडा नाकारल्यास स्वाराची आणि प्राण्याचीही सुरक्षितता साधते.

अंधार पडलाच, तर तीव्र उतारावर आणि कड्यालगत खाली उतरून चालावे आणि लगाम अश्वपालाच्या हाती द्यावा. कोणी पडल्यास त्याला घाईने उठवून बसवू नये, मान व पाठ हलू न देता 108 किंवा 112 या क्रमांकावर मदत मागवावी. सुटलेल्या घोड्याचा पाठलाग करू नये. माथेरानमध्ये रुग्णवाहिकेला वाहनबंदीतून सूट असली, तरी जंगलातील पायवाटांवर ती पोहोचू शकत नाही. जखमीला तेथून मुख्य रस्त्यापर्यंत उचलूनच आणावे लागते. म्हणूनच कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवणे आवश्यक आहे.