भरलेली ट्रॉली जागेवरून कशी उचलावी?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागाकडे ज्या तक्रारी येतात त्यांत पहिली तोडीची, दुसरी वजनाची आणि तिसरी "ट्रॅक्टर फडात रुतलाय, दुसरा पाठवा" ही. तिसरीवर कोणी फारसे लिहीत नाही, कारण ती ड्रायव्हरची बाब आहे असे सगळेच धरून चालतात. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. भिवंडीला एक दिवस चिखलात उभे राहावे लागले, तेव्हा आमचे मत बदलले.

पावसाळ्यात साखरेच्या ट्रकबरोबर भिवंडीला जाण्याचा योग आला होता. भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव अशी आपली समजूत. आता तिथे जिकडे बघावे तिकडे गोदामेच गोदामे आहेत. आमची गाडी भरलेली असताना आवारातल्या चिखलातून बिनबोभाट आत गेली. पोती उतरली, गाडी रिकामी झाली, आणि बाहेर निघताना त्याच चिखलात तिची मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली. भरलेली गेली आणि रिकामी अडली, याचे आम्हाला नवल वाटले. ड्रायव्हरला वाटले नाही. "साहेब, पाठीवर ओझं नाही, मग पाय रोवणार कशाच्या जिवावर?" असे म्हणून त्याने आठ हमालांना मागच्या एक्सलच्या बरोबर वर, हौद्यात उभे केले. चाकांपुढे फाटका बारदाना टाकला. पहिल्याऐवजी दुसरा गिअर घातला, क्लच सावकाश सोडला, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावला. गाडी हूं की चूं न करता निघाली.

आपल्या फडात आपण याच्या नेमके उलट करतो. पहिला गिअर, पूर्ण रेस, आणि क्लचवरून पाय झटक्यात बाहेर. चाक एकदा फिरले की ते माती उकरते, आणि स्वतःच केलेल्या खड्ड्यात स्वतःच बसते.

यातले गणित समजून घेणे जरूर आहे. इंजिनात ताकद कितीही असो, जमिनीला लागते ती चाकाच्या पकडीएवढीच, आणि पकड ही चाकावरचे वजन व जमीन या दोहोंवर ठरते. साधारण २ टनांचा ट्रॅक्टर धरा. त्यातले सुमारे १३०० किलो मागच्या चाकांवर असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरला या वजनाच्या पाऊणपट, म्हणजे हजार किलोच्या आसपास ओढ घेता येते. ओल्या काळ्या रानात तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे सव्वाचारशे किलो. आता ट्रॉलीकडे बघू. उसासकट ८ टनांची ट्रॉली डांबरीवर चालवायला १५०-२०० किलोचा जोर पुरतो. मऊ रानात तिला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ८०० किलो जोर लागतो. रुतली असेल तर विचारू नका. जोर ८०० चा पाहिजे आणि पकड सव्वाचारशेची आहे. अशा वेळी ३५ ऐवजी ५० हॉर्सपॉवरचे इंजिन आणले तर चाक फक्त जास्त वेगाने फिरेल.

मग करायचे काय? पहिले काम ड्रायव्हरचे नाही, सभासदाचे आहे. तोडीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडावे. उतारा चांगला यावा म्हणून आम्ही हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी काही जण वजनाच्या आशेने शेवटचे पाणी देतात. त्या पाण्याने वाढलेले वजन ट्रॅक्टर रुतण्यात, खेप चुकण्यात आणि ऊस वाळण्यात निघून जाते. शिवाय चाक जिथे गरगरते तिथले बुडखे चेचले जातात. खोडव्यात नांगे पडलेले बघायचे असतील तर गेल्या हंगामात ट्रॉली जिथून निघाली त्या वाटेने चालत जा. बाहेर पडायच्या वाटेवरच्या सऱ्या आणि दांड आधी मोडून सपाट करावेत, बांधावर चढायला मुरूम टाकावा, चाकाच्या वाटेवर पाचट पसरावे. भिवंडीच्या बारदान्याचेच काम पाचट करते.

दुसरी गोष्ट वजनाची. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वरच्या अंगाला ठेवून पाऊण भाग पाणी भरता येते. ३५-४० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या एका टायरमध्ये सुमारे २०० लिटर मावते, म्हणजे दोन्ही मिळून ४०० किलो वजन फुकटात मिळाले. मोळ्या रचणाऱ्या टोळीलाही एक सांगून ठेवावे. दोन चाकी ट्रॉलीत मागे जास्त माल पडला की बैलगाडी उलाळ होते तसे होते. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलू पाहते आणि असलेली पकडही जाते. माल किंचित पुढे जड असावा. फडातून दोन ट्रॉल्या एकदम ओढण्याचा हट्ट धरू नये. एकेक रस्त्यावर काढावी आणि तिथे जोडावी.

टायरमधल्या हवेबद्दल मतभेद आहेत. शेतकामाला हवा कमी, वाहतुकीला जास्त, हा नियम खरा. आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतात. पण भरल्या ट्रॉलीखाली हवा फार उतरवून तसेच डांबरीवर दहा किलोमीटर गेलात तर टायरची बाजू फुटते. आमचे मत विचाराल तर वाहतुकीच्या ट्रॅक्टरची हवा वाहतुकीचीच ठेवावी आणि रान कोरडे करावे.

डिफरन्शियल लॉक बहुतेक ट्रॅक्टरांना असतो, पण किती जण वापरतात? एक चाक चिखलात फिरते आणि दुसरे कोरड्यात नुसते उभे राहते, तेव्हाच त्याचा उपयोग. चाके थांबवून लॉक घालावा, सरळ बाहेर यावे आणि वळण्याआधी काढावा. लॉक घालून वळवायला गेलात तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ पाटात जातो.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला ते सांगतो. हल्ली आपली पोरे मोबाईलवर अमेरिकेतल्या ट्रकच्या ड्रॅग रेसी बघतात. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी जातो ही ती शर्यत. तिथेही अडचण भिवंडीचीच आहे. रस्त्यावरच्या साध्या ट्रकचा हौदा रिकामा असतो आणि सुटताना चाक फिरते. म्हणून तेही मागच्या एक्सलवर वजन वाढवतात, टायरची हवा थोडी उतरवतात आणि रेस बेताने देतात. पण पोरांना आवडते ते गाडीचे तोंड वर उचलणे. तेच बघून भरल्या ट्रॉलीला जुंपलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत उचलायची आणि त्याचे चित्रण पाठवायचे, हा प्रकार आमच्या पाहण्यात आला आहे. तिकडच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे छोटी चाके लावलेली असतात, गाडी पाठीवर पडू नये म्हणून. आपल्या ट्रॅक्टरला तसले काही नसते.

ओढताना वजन पुढून मागे येते, त्याने पकड वाढते, इथपर्यंत ठीक. पण मागची चाके अडकली आणि क्लच झटक्यात सोडला, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धडच एक्सलभोवती फिरते. पुढची चाके सुटल्यापासून पाऊण सेकंदात ते परत न येण्याच्या जागी पोचते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर. तेवढ्यात क्लच दाबणे माणसाच्या हातून होत नाही. म्हणून ट्रॉली किंवा साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. एक्सलच्या वर, टॉप लिंकच्या जागी, कधीही नाही. वर जोडले की पकड चांगली येते असे काही जुने ड्रायव्हर सांगतात. ते खोटे नाही, पण त्याच ओढीने ट्रॅक्टर मागे उलटतो. रुतलेल्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून बाहेर काढायची युक्ती त्याहून वाईट, कारण ओंडका चाकाला फिरू देत नाही आणि धड वर येते. पुढे वजनाच्या प्लेटा असाव्यात. रुतला तर आधी ट्रॉली सोडावी, ट्रॅक्टर मागे घेऊन बघावा, अर्धा माल उतरवावा. तासभर जाईल, जाऊ द्या.

आपल्या ट्रॅक्टरचे चाक किती घसरते हे बघायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूची रेघ मारा. भरली ट्रॉली जोडून फडात चाकाचे १० फेरे चला, सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोका. मग ट्रॉली सोडून तेवढेच अंतर त्याच जमिनीवर चला आणि फेरे मोजा. ९ भरले तर घसरण दहा टक्के, ठीक आहे. साडेआठपर्यंत चालेल. ८ किंवा कमी भरले तर त्या फडात त्या दिवशी पूर्ण ट्रॉली भरू नये. बॉयलर पेटण्याआधी वाहनधारकांनी आपापल्या गट ऑफिसला ट्रॅक्टर आणला, तर ड्रॉबार, पिन आणि पुढच्या प्लेटा आमचे ओव्हरसियर बघून देतील. खडू आमच्याकडे आहे.